तांबडे मेले

आमच्या घरात 'मेले' म्हणजे वर. लोणच्याची बरणी फळीमेले, धुतलेली लुगडी दांडीमेले, देव कोनाड्यामेले. शब्द कन्नडातला आहे. सहा पिढ्या म्हैसुरात काढल्यावर तो आमच्या मराठीत येऊन बसला आणि त्याला कुणी उठवलं नाही. पुण्याहून आलेला माणूस ऐकून हसला तर हसू दे, माझं काय जातं? पण त्याच शब्दावरून माझी सत्तावीस अंडी मारली गेली आणि मारणाऱ्यांत माझा नवरा होता, तेव्हा मात्र माझं गेलं. अजून त्याचा राग आहे. राग शिळा होतो म्हणतात ते खोटं आहे.

ही एकतीस सालची गोष्ट. आमचे हे, अनंतकृष्ण, कॉलेजात प्राणिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. हंगामी. कायम करायचं की नाही ते प्रोफेसर दामोदररावांच्या हातात. दामोदरराव पुण्याचे, विलायतेला जाऊन आलेले, बोलणं असं की समोरच्याने आपलं तोंड बंद करून ठेवावं. एकदा आमच्याकडे जेवायला आले होते. हे आग्रह करत म्हणाले, "सर, अजून थोडं हाकून घ्या." आमच्याकडे वाढून घ्या म्हणायला असंच म्हणतात. दामोदरराव इतके हसले की ठसका लागला. "हाकून? अहो, मी काय बैल?" म्हणाले. हेही हसले, पण कान लाल झालेले मी पाहिले. त्या दिवसापासून हे त्यांच्याशी इंग्रजीखेरीज बोलले नाहीत.

यांचं काम बेडकाच्या अंड्यावर चाललं होतं. अंडं म्हणजे मोहरीपेक्षा थोडं मोठं, वरचा अर्धा काळा, खालचा पांढरा. एकाचे दोन, दोनाचे चार होत शेकडो पेशी होतात. मग एका बाजूला, काळं संपतं तिथे, नखाने दाबल्यासारखी बारीक खाच पडते. तिथून पुढे आत आतडं होतं, पाठ होते, सगळा जीव होतो. प्रश्न एवढाच होता की आतल्या पेशी आत कशा आल्या. दामोदरराव पंचवीस वर्षं शिकवत होते की त्या जागच्या जागी वाढतात, थर सुटून आतला थर होतो, चालत वगैरे कुणी जात नाही. जर्मनीत कुणी तरी जिवंत अंड्यावर रंगाचे ठिपके देऊन ते कुठे जातात हे बघत होतं. यांनी ते वाचलं आणि यांच्या मनात आलं की आपल्या केरेतल्या, म्हणजे आपल्या तळ्यातल्या, बेडकावर तेच करून बघावं.

करून बघितलं मी. हे स्पष्ट सांगते. यांनी तीन दिवस प्रयत्न केला आणि पंधरा अंडी फोडली. यांचा हात कापतो, पहिल्यापासूनच. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "सरका." लष्कर मोहल्ल्यातल्या घड्याळ दुरुस्तीवाल्याकडून यांनी एक जुना चिमटा आणला होता, त्याने मी अंड्याभोवतालचा बुळबुळीत पदर सोलला. चायना ग्रास, ज्याच्या आपण दुधातल्या वड्या करतो, ते रंगात भिजवून वाळवलेलं होतं. त्याचे डोळ्याला जेमतेम दिसतील एवढे तुकडे केले. मेणाचा थर दिलेल्या बशीत खळगा करून त्यात अंडं ठेवायचं, तुकडा टेकवायचा, वीस मिनिटं हात न लावता बसायचं. तुकडा काढला की ठिपका उमटतो. टाळूवर दोन तांबडे, आणि जिथे खाच पडणार तिच्या जरा वर दोन निळे. माझं एकही अंडं फुटलं नाही.

सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. अग्रहारात, ब्राह्मणांच्या वस्तीत, देवळाला लागून घर आणि त्यात बेडकाची अंडी. म्हणून सगळा पसारा मागच्या परसात, सरपणाच्या खोलीत. स्वयंपाकाला जायचं तर आंघोळ, पुन्हा अंड्यांकडे यायचं तर येताना काही नाही, पण परत जाताना पुन्हा आंघोळ. दिवसाला तीन तीन आंघोळी केल्या मी. हे पहाटे केरेवर जाऊन अंडी आणायचे आणि दहाला कॉलेजात जायचे. खाच पडायची ती अकरा वाजता. म्हणजे बघायला कोण? मीच. पितळी स्टँडवरच्या भिंगातून दर अर्ध्या तासाला बघायचं आणि वहीत लिहायचं.

मी शाळा कन्नडात शिकले. कन्नडात भराभर लिहिते. पण हे म्हणाले, "मराठीत लिही. सरांना वही बघायची असेल तर त्यांना कन्नड वाचता येत नाही." माझ्या वडिलांनी पोथीसाठी बाळबोध शिकवलं होतं, त्यावर मी लिहिलं. त्या माणसाला वाचता यावं म्हणून लिहिलं, हे लक्षात ठेवा.

आणि काय दिसायचं म्हणून सांगू. निळे ठिपके खाचेकडे सरकायचे. हळू, पण सरकायचे. कडेशी आले की लांबट व्हायचे, आणि मग खाचेच्या ओठावरून वळून आत जायचे. मागून दुसऱ्या पेशी, त्यांच्या मागून आणखी. आणि टाळूवरचे तांबडे आत जायचे नाहीत. ते वरच राहायचे आणि पसरायचे, पुरणाचा उंडा मिटताना वरची पारी ताणली जाते तसे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सरपणाच्या खोलीत एकटी रडले. कशाला रडले ते मला सांगता येणार नाही. कुणी शिकवलं नाही, कुणी ढकललं नाही, आणि त्या पेशींना आपापली जागा ठाऊक होती.

सत्तावीस अंड्यांच्या सत्तावीस नोंदी. सगळ्यांच्या शेवटी तेच: 'निळे आत. तांबडे मेले, पसरले.'

आता कळलं ना?

यांनी इंग्रजीत मसुदा लिहिला आणि वहीसकट दामोदररावांना दिला. वहीत अक्षर माझं, पण ते यांनी सांगितलं नाही. चार दिवसांनी बोलावणं आलं. त्या संध्याकाळी हे घरी आले, पगडी काढली आणि बसून राहिले. मी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "संपलं ते काम."

"संपलं म्हणजे?"

"सर म्हणाले, मसुद्यात लिहिता तांबडे वर जिवंत राहिले, आणि वहीत सत्तावीस वेळा लिहिता मेले. मेले आणि विरघळून पसरले. म्हणजे रंगाने पेशी मरतात, वरचं मेलं म्हणून खालचं खचून आत गेलं. चालणं वगैरे काही नाही. तुम्ही नोंद एक केलीत आणि लिहिलं दुसरंच. याला लबाडी म्हणतात."

मला आधी हसू आलं. खरंच आलं. मी म्हटलं, "मग तुम्ही सांगितलंत ना, मेले म्हणजे वर?"

यांनी काढून ठेवलेली पगडी उचलून खुंटीला अडकवली.

"अहो, सांगितलंत ना?"

"काय सांगू?" हे एकदम ओरडले. "आमच्या घरात असं बोलतात म्हणून सांगू? त्या दिवशी हाकून घ्या म्हटलं तर वर्षभर स्टाफरूममध्ये तेच ऐकलं मी. मराठी म्हणवता आणि मराठी येत नाही, म्हणतात. आता शास्त्राच्या वहीत कन्नड घुसवलं म्हणून आणखी ऐकू?"

"नरसिंहमूर्तींना विचारायचं." नरसिंहमूर्ती म्हणजे त्यांच्या प्रयोगशाळेतले अटेंडर, बशा धुणारे, भला माणूस. "कुठल्याही कन्नड माणसाला विचारलं तरी सांगेल मेले म्हणजे काय."

"हाताखालच्या माणसाला बोलावून त्याच्यासमोर माझी भाषा काढू? तू लिहिलंसच का तसं? वर लिहायला काय झालं होतं? तुला साधा 'वर' येत नाही?"

मी म्हटलं, "तुम्हाला येतो ना? मग सहा आठवडे रोज वही वाचत होतात, तेव्हा का नाही दिसलं?" दिसलं नाही, कारण यांनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. यांच्याही डोक्यात मेले म्हणजे वरच.

मग खरी गोष्ट बाहेर आली. दामोदररावांनी यांना वाट दाखवली होती. मसुदा मागे घ्या, आणि लिहून द्या की ठिपके दिलेल्या पेशी मेल्या, मसुदा घाईत चुकीचा झाला. नवशिक्याची चूक म्हणून मी ते मिटवतो, तुमच्या कायम होण्याला बाध येणार नाही. आणि यांनी लिहून दिलं. सही केली. इंग्रजीत, झोकदार.

"तुम्ही स्वतः भिंगातून पाहिलं होतंत," मी म्हटलं. "रविवारी दोनदा पाहिलंत. जिवंत होते."

"बेडकाची अंडी आहेत, तुंगा. बेडकाची. घर चालायचं कशावर, त्यांच्यावर?"

मी त्या रात्री जेवले नाही आणि यांनाही वाढलं नाही. सासूबाईंनी वाढलं.

पुढच्या पंधरवड्यात पाऊस पडून गेला आणि केरेच्या काठाला पुन्हा अंडी दिसली. यांना काही सांगितलं नाही. शेजारच्या नागरत्नाला घेऊन पहाटे मी स्वतः गेले आणि आणली. बारा अंड्यांना ठिपके दिले. मग बशा एका डब्यात घालून, वर ओलं फडकं टाकून, जटक्यात बसून कॉलेजात गेले. घोडं हळू चालव म्हणून जटकेवाल्याशी सगळ्या वाटेत भांडले.

नरसिंहमूर्तींनी मला ओळखलं आणि मुकाट्याने आत सोडलं. हे खिडकीशी उभे राहून बशा पुसत होते. मला बघून यांचा चेहरा असा झाला की दुसऱ्या दिवशी असता तर मला कीव आली असती. दामोदरराव खुर्चीतून म्हणाले, "कोण या बाई?"

"अनंतकृष्णांची बायको," मी म्हटलं. "तुम्ही वाचलीत ती वही माझी आहे. अक्षर माझं, ठिपके माझे. तुम्ही म्हणता तांबडे मेले. मी म्हणते तुम्हाला वाचता आलं नाही."

हे पुढे आले. "तुंगा, घरी चल."

दामोदररावांनी हात वर करून यांना थांबवलं. माझ्यावर चांगलेच तापले होते, पण उत्सुकताही होती, ते दिसत होतं. "मला मराठी वाचता येत नाही?"

"आमची येत नाही. आमच्यात मेले म्हणजे वर. विचारा नरसिंहमूर्तींना."

त्यांनी दाराकडे बघितलं. नरसिंहमूर्तींनी बोट छताकडे केलं आणि कन्नडात म्हणाले, "मेले अंदरे मेले, सार." तेवढं दामोदररावांनाही कळलं.

"ही सोयीस्कर भाषा झाली," दामोदरराव म्हणाले.

"भाषा राहू दे. अंडी बघा. पेशी मेली की करडी होते, सुटते आणि पाण्यात पडते, हे तुम्ही मला सांगायला नको. साडेदहा झालेत. अकराला खाच पडेल. बसून बघा. पंचवीस वर्षं न बघता शिकवलंत, तीन तास बघून काही बिघडणार नाही."

असं त्यांच्याशी कुणी बोललं नसेल. त्यांनी खुर्ची ओढली, आपला मोठा मायक्रोस्कोप काढला आणि बसले. मी बशा एकामागून एक सरकवत गेले. हे खिडकीपासून हलले नाहीत.

त्या माणसाचा मला तिटकारा होता, आजही आहे, पण बसला तो बसला. डबा आला, उघडला नाही. एक वर्ग होता, तो सोडून दिला. अकरा वाजता खाच पडली. साडेअकराला निळे कडेशी आले. बाराच्या सुमाराला पहिला निळा ओठावरून वळायला लागला आणि दामोदररावांनी श्वास आत घेतलेला मला ऐकू आला. त्यांनी कागद घेऊन आकृती काढली, अर्ध्या तासाने दुसरी, मग तिसरी. तांबड्यांना बारीक सुईने हलकेच ढोसून पाहिलं. काही सुटलं नाही, काही पडलं नाही. तांबडे वर होते, ताणले जात होते, खाली उतरून पांढऱ्याला झाकत होते. दोन वाजता पांढऱ्याचं फक्त बटणाएवढं टोक उरलं.

बाराच्या बारा तशीच.

ते मागे टेकले. डोळे लाल झाले होते. "चालतात," म्हणाले. कुणाला उद्देशून नाही. मग पुन्हा म्हणाले, "चालत जातात."

मला वाटलं होतं की मला आनंद होईल. झाला. खूप झाला. पण दोन क्षणच, कारण दामोदररावांनी टेबलाचा खण उघडून एक कागद काढला. यांच्या सहीचा.

"बाई," त्यांनी विचारलं, "मेले म्हणजे वर, हे यांना ठाऊक होतं?"

मी यांच्याकडे बघितलं. यांनी माझ्याकडे. हे डोळ्यांनी काय मागत होते ते मला कळत होतं. नाही म्हण. माझ्या माहेरचा शब्द आहे, यांना ठाऊक नव्हता, असं म्हण. एवढं म्हटलं असतं की सगळं मिटलं असतं. यांचा गैरसमज, सरांचाही गैरसमज, दोघं सारखे. पण मग ती सत्तावीस? सहा आठवडे रोज ती वही वाचून, रविवारी भिंगातून स्वतः बघून यांनी मसुदा केला, त्या मसुद्याला अर्थ काय राहिला असता? वहीतला शब्द न कळता मसुदा लिहिला म्हणजे थापच की. माझी सत्तावीस पुन्हा कचऱ्यात, फक्त आजची बारा खरी. आणि मी ज्या घरात रोज हा शब्द ऐकते ते घर खोटं. मी एवढा सगळा विचार तेव्हा केला का? केला. लोकांना वाटतं रागाच्या भरात बोलले. नाही. विचार करून बोलले.

"आमच्या घरात रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे," मी म्हटलं. "यांनी स्वतःच्या डोळ्यांनीही पाहिलं होतं. दोनदा."

दामोदररावांनी तो कागद यांच्यासमोर ठेवला. "म्हणजे जिवंत आहेत हे माहीत असून मेल्या म्हणून सही केलीत."

"सर, तुम्हीच म्हणालात—" यांनी सुरुवात केली, मराठीत, कितीतरी दिवसांनी.

"मी चुकलो. तुम्ही खोटं लिहून दिलंत. दोन्ही एक नाही. असा माणूस मला प्रयोगशाळेत नको."

मी म्हटलं, "लिहायला लावलं तुम्ही. नोकरीची भीती दाखवून."

"लावलं," ते म्हणाले. "यांनी नाही म्हणायचं होतं." आणि पुन्हा मायक्रोस्कोपवर वाकले. माझ्या बशा त्यांनी परत दिल्या नाहीत.

त्या वर्षाअखेर यांची नोकरी गेली. हुणसूरच्या मिडल स्कूलमध्ये मास्तरकी मिळाली, तिथे गेलो. दामोदररावांनी तो लेख छापला. एकोणचाळीस अंडी, माझी सत्तावीस धरून. नाव त्यांचं एकट्याचं. नरसिंहमूर्तींनी कुणाकडून तरी वाचून घेऊन मला कळवलं की त्यात तांबडे जिवंत आहेत आणि वर आहेत. मला तेवढं पुरतं का? नाही पुरत. खोटं कशाला बोलू.

हे माझ्याशी वाईट वागले नाहीत. बोललेच नाहीत म्हणायचं. भाजी आण, पाणी तापव, एवढंच. तेरा वर्षांनी, मागच्या आषाढात, यांना ताप चढला. सात दिवस उतरला नाही. आठव्या दिवशी दुपारी मी पेज घेऊन गेले तर जागे होते. म्हणाले, "त्या दिवशी एक नाही म्हणाली असतीस तर?"

तेरा वर्षं हे पोटात ठेवून होते. आजारी माणूस, मी काहीतरी गोड बोलून वेळ मारून न्यायला हवी होती. ओठावर आलंही होतं.

"तुम्ही नाही म्हणाला असतात," मी म्हटलं, "तर मला कुणी विचारलंच नसतं."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पेजेचा पेला मी उशाशी ठेवला आणि दाराशी जाऊन बसले. बऱ्याच वेळाने उठून बघितलं तर पेज तशीच होती, वर साय धरलेली; हे जागे होते, तोंड भिंतीकडेच.